वाचक विचारतात : वाड्यातली चोरी कादंबरीत आणताना

नोकरमाणसांनी संगनमत करून धन्याचा वाडा लुटायचा, असा विषय घेऊन जुन्या काळावर कादंबरी लिहू पाहणाऱ्यांची पत्रे या खेपेला घेतली आहेत. पत्रे छाटली आहेत, प्रश्न तसेच ठेवले आहेत.

माझी गोष्ट १९०२ सालची. देसायांच्या वाड्यातून चार गडी रातोरात चाळीस हजार रुपये उचलतात आणि परसदारातून रान गाठतात. प्रसंग वेगवान उतरलाय, तरी वाचणारे म्हणतात पटत नाही. कुठं चुकतंय?
*– एक वाचक, खानापूर*

तुमच्या चौघांनी साडेबारा मण चांदी उचलली आहे, तिथं चुकतंय. त्या काळचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. हजाराची थैली पावणेबारा किलोच्या घरात जाते. चाळीस हजारांचे ४६६ किलो झाले, माणशी ११६. भाताची पोती वाहणारा हमालसुद्धा एवढं घेऊन अंधारात चढण चढणार नाही. शिवाय रुपया वाजतो.

गिन्या घेतल्या तर ओझं एकदम उतरतं. १८९९ पासून गिनी पंधरा रुपयांना चालू लागली आणि तिचं वजन आठ ग्रॅमला किंचित कमी. तेवढीच रक्कम एकवीस किलोंत बसते. पण फाटक्या धोतरातला गडी पेठेत गिनी मोडायला गेला की दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला ठाऊक. नोटांचं दुखणं निराळं. सावकार मोठ्या नोटांचे नंबर रोजकिर्दीत टिपून ठेवत, आणि शंभराची नोट देशभर चालू झाली ती १९११ साली. त्याआधी ती आपल्या मंडळापुरतीच, म्हणजे जिथून निघाली त्या चलन-विभागापुरतीच, कायदेशीर चलन होती.

आमचं म्हणणं, एका रात्रीत नेऊच नका. शेणाच्या पाटीखाली रोज दोनशे रुपये, म्हणजे सव्वादोन-अडीच किलो, सहज जातात. दोनशे दिवसांत काम होतं. आता रिकाम्या थैलीत काय भरायचं? तांब्याचा पैसा १०० ग्रेनचा, रुपया १८० ग्रेनचा. म्हणजे १८०० पैसे भरले की हजार रुपयांच्या थैलीचं वजन बरोबर जुळतं. रुपयाचे पैसे चौसष्ट, त्यामुळं एका थैलीला खर्च अठ्ठावीस रुपये दोन आणे. चाळीस थैल्यांना सव्वाअकराशे रुपये लागतात. ते चौघांकडे कुठून आले, हेच एक स्वतंत्र प्रकरण होईल. (पहिल्या थैलीतूनच आले, असं उत्तर तुम्ही द्याल. चालेल.) पण एवढे पैसे, सगळे मिळून बहात्तर हजार, एकदम कुणाकडून घेतले तर तोच साक्षीला उभा राहील. आणि तांबं चांदीहून हलकं, तेव्हा जुळलेल्या वजनाची थैली थोडी फुगीर दिसते. तराजू गप्प बसेल, पण जन्मभर थैल्या हाताळलेला दिवाणजी तोंड बांधलेली थैली उचलताना थबकेल.

दागिन्यांकडे वळलात तर तिथंही वजन फसवतं. बोरमाळेचे मणी पोकळ, आत लाख भरलेली. यादीत बारा तोळे लिहिलं असलं तरी सोनं तेवढं नसतं. सोनार आधी मंद आचेवर लाख काढून टाकतो, मग पत्रा मुशीत घालतो, वर सवागीची (टाकणखाराची) चिमूट आणि फुंकणी. लाख जळाल्याचा वास बोळभर पसरतो. रात्री दोन वाजता तो वास आला तर शेजारी काय समजायचं ते समजतात. लगड हातात आल्यावर गड्यांचे चेहरे पडतात, तो प्रसंग जरूर लिहा.

इंग्रजी घरावरच्या गोष्टींत किल्ल्या सांभाळणारी पगारी बाई कट रचते. मी तिलाच वाड्यात आणून ‘मुख्य मोलकरीण’ केलंय. चालेल ना?
*– एक वाचिका, निपाणी*

नुसतं लुगडं बदलून चालणार नाही. १९०५ च्या लंडनमधल्या श्रीमंत घरात चांदीची भांडी आणि दारूचं तळघर बटलरच्या ताब्यात. कापडचोपड, कोठी आणि मोलकरणी हाऊसकीपरच्या हाताखाली. दोघंही पगारी, दोघांनाही मागच्या मालकाची शिफारसचिठ्ठी लागते, आणि नोकरांचा जिनाच वेगळा. त्या जिन्यावरून घरभर फिरता येतं, म्हणून तिथला कट जमतो.

वाड्यात किल्ल्यांचा जुडगा घरच्या बाईच्या कमरेला असतो. बहुधा सासूच्या, नाहीतर घरी परत आलेल्या विधवा आत्याबाईच्या. आणि इथं जिन्यापेक्षा विटाळ मोठा. देवडीवर शिपाई, चौकात गडी, सोप्यावर कारकून, माजघरात मोलकरीण, आणि ब्राह्मणाचा वाडा असेल तर स्वयंपाकघर-देवघरात फक्त सोवळ्यातला आचारी आणि पाणक्या. मोतद्दार तबेल्याच्या पुढं येत नाही. संडास झाडणारा तर मागच्या बोळातूनच येतो-जातो. मागची भिंत, तिची ढासळलेली वीट, कुत्रं कुठं झोपतं, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. आणि त्याला कुणी ढुंकून विचारत नाही. कटाचा मेंदू तिथं ठेवा, असं आम्ही सुचवू.

म्हणजे तुमची टोळी हुशारीवरून ठरत नाही, कोण कुठवर जाऊ शकतो यावरून ठरते. आधी वाड्याचा नकाशा काढा, प्रत्येक खोलीत कुणाला मज्जाव ते लिहा, मग माणसं निवडा. आपल्या भागातला देसाई लिंगायत असेल तर सोवळ्याची ही सगळी मांडणी बदलते, तेव्हा घर कुणाचं हे पहिल्या पानाआधी ठरवा.

एक माणूस मात्र कुठल्याही वाड्यात लागेलच: मोडी वाचणारा. जामदारखान्याची यादी मोडीत असते. कुठल्या पेटीत चंद्रहार आणि कुठल्या पेटीत जुन्या सनदा, हे न कळता पेट्या उचलणारी टोळी पहाटे कागद वाटून घेत बसेल.

चोरीला रात्र कोणती? मी लक्ष्मीपूजनाची घेतलीय. मित्र म्हणतो, सगळं घर सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला जातं ती घे.
*– एक वाचक, शहापूर, बेळगाव*

मित्राच्या रात्री घर मोकळं, पण ती पौर्णिमा. चंद्र सूर्य मावळताना उगवतो तो पहाटेपर्यंत आभाळात. भिंतीवर चढलेला माणूस चार शेतांवरून दिसेल. तुमच्या रात्री अमावास्या, पण घर जागं आणि दारात पणत्या. तरी तुमचीच बरी, कारण त्या संध्याकाळी दागिने आणि चोपड्या पूजेला बाहेर येतात, कुलूप मालक स्वतः उघडतो. चोरायचं ते पूजा आटोपून माल परत आत जाताना, हातोहात.

दोन्ही नको असतील तर वद्य अष्टमीच्या आसपासची रात्र पाहा. चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो; आधी काळोख मिळतो, नंतर वाट दिसते. किंवा १८९७ नंतरची प्लेगची वर्षं घ्या. माणसं गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहत आणि वाड्यात राखणीला उरे तो नोकरच.

आगगाडीनं पळणार असतील तर घड्याळ सांभाळा. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली; त्याआधी रेल्वे मद्रास वेळेवर चाले. बेळगावच्या सूर्यवेळेपेक्षा ती सुमारे तेवीस मिनिटं पुढं. वाड्यातलं घड्याळ गावच्या वेळेवर लावलेलं असेल तर गडी त्या घड्याळानं गाडीच्या आधी वीस मिनिटं स्टेशनावर पोचतील, तरी गाडी निघून गेलेली असेल आणि ते रिकामे रूळ बघतील. इतकी साधी चूक कुणी लिहीत नाही, याचं नवल वाटतं.

मेणावर किल्लीचा छाप घेऊन तिजोरी उघडतात. साल १८९८, तिजोरी गोदरेजची. ठीक?
*– एक वाचक, चिकोडी*

गोदरेजची कुलपं मुंबईत १८९७ पासून, तिजोऱ्या १९०२ पासून. तेव्हा तिजोरी विलायती करा. त्यातही चब या इंग्रजी कंपनीचं ‘डिटेक्टर’ कुलूप घेतलंत तर गोष्टीला धार येईल. १८१८ सालचं पेटंट. खोट्या किल्लीनं आतली एखादी पट्टी हवी त्याहून वर उचलली गेली की ती तिथंच अडकते. मग खरी किल्लीही फिरत नाही. सुधारलेल्या कुलपात ती आधी उलटी फिरवून पट्टी सोडवावी लागते. मेणाचा छाप हाताच्या उबेनं पसरतो, कानस केसभर जास्त चालते, आणि नेमकं हेच घडतं. सकाळी कारभारी किल्ली घालतो, ती अडते. तो ओरडत नाही. हळूच उलटी फिरवतो, तिजोरी उघडतो, सगळं जागच्या जागी आहे हे पाहतो आणि कुणालाच काही सांगत नाही. पुढची शंभर पानं तुमच्या हातात.

पकडले गेले तर शिक्षा काय? आणि पळायचं कुठं?
*– एक वाचक, बेळगाव*

नोकरानं मालकाच्या ताब्यातलं चोरलं तर तेव्हाच्या भारतीय दंडविधानाचं कलम ३८१, सात वर्षांपर्यंत कैद. पण देवडीवरच्या शिपायाला मारलं-बांधलं आणि टोळीत पाच किंवा जास्त माणसं असली, तर तो दरोडा. कलम ३९५, थेट जन्मठेप काळ्या पाण्यापर्यंत. चौघांत पाचवा घ्यायचा की नाही, यावर टोळीत भांडण लावा. माफीचा साक्षीदारही दरोड्यातच शोभेल, कारण १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती सोय सेशन कोर्टाच्या गुन्ह्यांसाठी होती. आणखी एक: फौजदारापुढचा कबुलीजबाब पुरावा होत नाही, पण त्या जबाबामुळं माल सापडला तर तेवढा भाग ग्राह्य धरतात. म्हणून फौजदाराचा सगळा जोर ‘कुठं पुरलंस ते दाखव’ यावर हवा.

पळायला लांब जायला नको. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात. बेळगावच्या पेठेतून चालत निघालेला माणूस घटकाभरात दुसऱ्या अंमलात. ब्रिटिश फौजदाराला मग लिखापढी करावी लागे. गोव्याकडे गेलात तर सरहद्दीवर कॅसलरॉकला तेव्हा जकातीची झडती होती, लगड तिथं अडकेल. आंबोलीमार्गे सावंतवाडी संस्थान गाठणं बरं, फक्त पावसाळ्यात नको.

चाकांचा चिखलही बोलतो. खानापूरकडचा लाल, बैलहोंगलकडचा काळा. धुवायला विसरलेली गाडी मागावरच्या माणसाला निम्मी वाट सांगून टाकते.

संवादात कन्नड किती घालू?
*– एक वाचिका, हुक्केरी*

गडी आपसात कन्नड बोलतील, मालकापुढं मराठी. मालकाला कन्नड कळत नाही असं मात्र दाखवू नका, इथल्या देसायाला ते कळतंच. कन्नडाऐवजी ‘व्हय की’, ‘काय गा’ अशा इथल्या मराठीवर भागवा. पानभर कन्नड लिहून खाली अर्थ देऊ नका.

लूट धान्याच्या पेवात लपवली तर?
*– एक वाचक, अथणी*

तुमच्याकडे जमेल. खानापूरच्या पावसात पेवात पाणी झिरपेल. पण पेव, म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार (कन्नडात हगेवु), उगाच उघडत नाहीत, ताजी उकरलेली माती लगेच नजरेत भरते. आणि आत धान्य श्वास घेत असतं, हवा कोंडून विषारी होते. तोंड उघडून बराच वेळ वारं जाऊ देतात, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडतात. तो विझला तर उतरायचं नाही. तुमच्या टोळीला रात्रीचा कंदील लावायचीच भीती; तेव्हा आधी कोण उतरतो, ते ठरवा.