७० च्या वेगाला ऑटोमॅटिक गाडी थरथरते, गिअरबॉक्स उतरवायचा का?

एवढ्यात नको. तुम्ही लिहिलंय की गाडी पेट्रोल, टॉर्क कन्व्हर्टरवाली आहे, ६०-७० ला हलक्या ॲक्सिलरेटरवर दोन-तीन सेकंद थरथरते, आणि जोरात दाबलं की थांबते. गॅरेजवाल्याने चक्कर मारून लगेच ‘गिअरबॉक्स खोलावा लागेल’ म्हटलं असेल, तर आधी त्याला विचारा की स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं तपासणी यंत्र) लावला होता का. मी रोज हेच काम करतो, म्हणून सांगतो.

टॉर्क कन्व्हर्टर इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सकडे पोचवतो. स्थिर वेगाला गाडी आली की त्यातला लॉक-अप क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडतो. गिअरबॉक्सचं ऑईल जुनं झालं की हा क्लच नीट धरत नाही. धरतो, सुटतो, पुन्हा धरतो. रस्त्यावरच्या रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखं वाटतं ते यामुळे. तुम्ही जोरात दाबता तेव्हा लॉक सुटतो, म्हणून थरथर जाते.

घरच्या घरी करण्यासारखी एक चाचणी आहे. मोकळा सरळ रस्ता, मागे कोणी नाही, गाडी थरथरतेय, अशा वेळी ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करा, ब्रेक लाइट लागेल इतकाच. बऱ्याच गाड्यांत तेवढ्यानेच लॉक-अप सुटतो, आरपीएम थोडा चढतो आणि थरथर बंद होते. दोन्ही पेडल दाबल्यावर काही नव्या गाड्या इंजिनची ताकदच कमी करतात, तिथे या चाचणीवर विसंबू नका.

पण थरथर बंद झाली म्हणजे क्लचच गेला, असंही नाही, आणि बरेच मेकॅनिक इथेच घसरतात. इंजिन हलकं मिसिंग मारत असेल, म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल अधूनमधून नीट जळत नसेल, तर तेही लॉक-अप लागल्यावरच जास्त जाणवतं, कारण एरवी कन्व्हर्टरमधलं ऑईल तो धक्का गिळून टाकतं. दोन्ही त्रास सीटवर बसून सारखेच लागतात. एकात प्लग किंवा इग्निशन कॉइल बदलून भागतं, दुसऱ्यात गिअरबॉक्स खाली यायची वेळ येऊ शकते.

म्हणून स्कॅनरवर लाइव्ह डेटा बघायला सांगा. थरथर चालू असताना कन्व्हर्टरचा स्लिप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या फिरण्याच्या वेगातला फरक, बघायचा: कॉम्प्युटर पूर्ण लॉक मागतोय आणि स्लिप शून्याजवळ टिकण्याऐवजी वरखाली नाचतोय, तर दोष क्लचकडे. स्लिप स्थिर आहे आणि एखाद्या सिलेंडरचा मिसफायर काउंट (मिसिंगची मोजणी) वाढतोय, तर गिअरबॉक्सला हातही लावू नका. कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड पी ०७४१ असेल तर संशय लॉक-अपवर, पी ०३०० ते पी ०३०४ असेल तर इंजिनवर. कोड नाही म्हणजे दोष नाही, असं मात्र समजू नका. सुरुवातीला बऱ्याचदा कोड येतच नाही. घाटात खालच्या गिअरमध्ये लोड दिल्यावरही धक्के बसत असतील, तर मी आधी प्लग काढून बघेन.

क्लचच निघाला तरी पहिला उपाय ऑईल. कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ वालं नको. एकदा ड्रेन केल्याने साधारण निम्मंच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं, त्यामुळे मधे गाडी चालवून दोन-तीनदा बदलावं लागतं. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्सची पातळी ऑईल ठरावीक तापमानाला आल्यावरच तपासायची असते. घाईत गार इंजिनवर भरणाऱ्याकडे जाऊ नका.

गिअरबॉक्सखालचा ऑईलचा पॅन उतरला की समोर उभे राहा. त्यातल्या मॅग्नेटवर करडा लेप चालतो. चकचकीत चुरा किंवा तुकडे असतील, ऑईल जळकं वास मारत असेल, तर तुमचा गॅरेजवाला बरोबर होता. मग कन्व्हर्टर बदलताना ऑईल कूलर आणि पाइपही धुऊन घ्या, नाहीतर जुना कचरा फिरून नव्या कन्व्हर्टरमध्येच जाईल.