इंजिनं सहा, विमा आठ लाखांचा

भुसावळहून एका वाचकांनी लिहिलं आहे. वय ३९, घरी पत्नी आणि आठ वर्षांचा मुलगा. सुट्टीत पुण्यात कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम पाहून आले आणि बापलेकांना वेड लागलं. आता एक मित्र परदेशातून स्वस्त मालिकेतली सहा मॉडेल इंजिनं आणून देतोय, ९६ हजारांत. 'दहा वर्षांत दुप्पट होतील,' असं तो सांगतो. सहा स्वस्त घ्यावीत की तेवढ्यात दोन भारी, असा प्रश्न आहे. शेवटी जाता जाता लिहिलंय, 'मुलाच्या शिक्षणाच्या पॉलिसीवर साडेनऊ टक्क्यांनी कर्ज मिळतंय, त्यातून घेईन.' पॉलिसीचा तपशीलही जोडलाय.

दुप्पट होणार नाहीत. लिमा या इटालियन कंपनीचे साचे २००४ च्या सुमारास हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीकडे गेले आणि तिच्या रेलरोड या स्वस्त मालिकेतली कित्येक डिझेल इंजिनं त्याच साच्यांतून निघाली. कंपनीला वाटेल तेव्हा पुन्हा काढता येणारी वस्तू दुर्मीळ कशी होणार? शिवाय खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. आठ हजारांचं इंजिन इथे सोळा हजारांना पडतं ते मुख्यतः त्यामुळे. विकताना तो कर तुम्हाला कोणी परत देत नाही.

बरं, मित्राचं खरं धरू. ९६ हजारांचे १ लाख ९२ हजार झाले. कर्ज न फेडता ठेवलं तर साडेनऊ टक्क्यांनी तेच ९६ हजार दहा वर्षांत २ लाख ३८ हजार होतात. म्हणजे स्वप्न खरं झालं तरी ४६ हजारांचा खड्डा.

पण मला काळजी लागली ती पॉलिसीची. वर्षाला ६० हजार हप्ता, १५ वर्षं, सहा भरून झाले. विमा रक्कम ८ लाख. आणि डोक्यावर गृहकर्ज ३२ लाखांचं! उद्या तुम्हाला काही झालं तर ८ लाखांत पत्नीने बँकेचं भागवायचं की मुलाचं शिक्षण? एजंटने २५ लाख मिळतील म्हटलं होतं. कागदावरचा अंदाज बोनससकट साडेतेरा आहे. म्हणजे जेमतेम ५ टक्के. सध्याच्या ७.१ टक्क्यांनी पीपीएफमध्ये याच हप्त्यांचे सव्वासोळा लाख होतात. याला 'शिक्षण योजना' म्हणून विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आणि ५ टक्के देणाऱ्या पॉलिसीवर साडेनऊने कर्ज काढायला तुम्ही निघाला आहात.

आधी एक कोटीचा शुद्ध मुदतीचा विमा (टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या. तुमच्या वयाला, तब्येत ठीक असेल तर, वर्षाला अंदाजे पंधरा-वीस हजार. अर्जात काही लपवू नका. ती पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनीचा हप्ता थांबवायचा नाही. मग विमा कंपनीकडून सरेंडर (पॉलिसी मोडून आत्ताच पैसे घेणं) आणि पेड-अप (हप्ते थांबवून कमी रकमेवर पॉलिसी चालू ठेवणं), दोन्हींचे आकडे लेखी मागवा. पेड-अप केली तर विमा रक्कम ८ लाखांच्या पंधरापैकी सहा भाग, म्हणजे ३ लाख २० हजार उरेल. जमलेला बोनस वेगळा. वाचलेल्या ६० हजारांतून नव्या विम्याचा हप्ता जाऊन चाळीस हजार उरतात, ते मुलाच्या नावाने बाजूला टाका.

इंजिन मात्र घ्या. एकच, पगारातून महिना तीन हजार साठवून. दिवाळीपर्यंत होईल. घेताना उलटं करून बघा: तांब्याच्या पातळ पट्ट्या किती चाकांना टेकतात? दोनच चाकं वीज घेत असतील तर सांध्यावर गाडी अडखळते आणि मुलाचा रस आठवड्यात संपतो. हातात वजन लागलं पाहिजे. एका चाकावर रबराची कडी असेल तर ती सुटी मिळते का विचारा. झिजते ती आधी. अगदी हळू चालवून दाखवायला सांगा, जोरात कुठलंही पळतं. दोन पट्ट्यांमध्ये १६.५ मिलिमीटर अंतर असलेले रूळ घ्या, त्यावर ब्रिटिश १:७६ आणि युरोपातली १:८७, दोन्ही मापांची इंजिनं चालतात.

मित्राला आजच 'नको' म्हणून कळवा, त्याने पैसे गुंतवायच्या आत.