लंडनचे 42 लाख आणि महिन्याअखेर उरणारे पैसे

तू लिहिलंस की बी.एस्सी. नर्सिंग होऊन वर्ष झालं, यवतमाळला खासगी दवाखान्यात बारा हजारांवर ड्युटी करतेस, नागपूरचा एजंट म्हणतो लंडनला 42 लाखांचं पॅकेज आहे, त्यासाठी सहा लाख भरा. बाबा आर्णीकडचं वावर गहाण टाकायला तयार झालेत, तर जाऊ का? मी दारव्ह्याकडची, सेवाग्रामला शिकले, आता यॉर्कशायरमधल्या सरकारी दवाखान्यात वॉर्डवर आहे. माझं उत्तर असं: जायची तयारी जरूर कर, पण वावराला हात लावू देऊ नको. आणि लंडनचा हट्ट सोड.

42 लाख हा आकडा खोटा नाही. इथे एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, नवीन रजिस्टर्ड नर्स ‘बँड 5’ या पगारश्रेणीवर लागते. 2025-26 साली इंग्लंडमध्ये त्याची सुरुवात वर्षाला 31,049 पौंडांची होती. मध्य लंडनमध्ये त्यावर 20 टक्के महागाईची भर मिळते, बाहेरच्या लंडनमध्ये 15 टक्के, लंडनच्या कडेच्या भागात 5 टक्के. म्हणजे मध्य लंडनला झाले साधारण 37,260 पौंड. पौंड 115 रुपये धरला की पावणेत्रेचाळीस लाख होतात. एजंट हाच आकडा दाखवतो, आणि पुढचं सांगत नाही.

पगाराची स्लिप डोळ्यासमोर आण. डावीकडे मूळ पगार, उजवीकडे कपात. कपातीत पहिला आयकर: वर्षाच्या 12,570 पौंडांपर्यंत शून्य, त्यावर 20 टक्के. दुसरा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सरकारी विम्याची सक्तीची वर्गणी, 8 टक्के. तिसरी पेन्शनची वर्गणी. ही पगार वाढला की टक्क्यानेही वाढते, आणि लंडनच्या भरीवरसुद्धा कापली जाते. हे सगळं वजा केलं की माझ्यासारख्या ठिकाणी सुरुवातीच्या पगारातले महिन्याला जेमतेम दोन हजार पौंड हातात येतात, मध्य लंडनमध्ये 2,280 च्या आसपास. वर्षाला सहा हजारांची भर कागदावर दिसते, हातात मात्र महिन्याला तीनशे पडतात. आता भाडं बघ. इकडच्या छोट्या शहरात दुसऱ्यांसोबतच्या घरात एक खोली पाच-सहाशेत मिळते. लंडनमध्ये तशाच खोलीला आठशे-हजार मोजावे लागतात, शिवाय रोजचा ट्यूबचा, म्हणजे तिथल्या मेट्रोचा, खर्च वेगळा. ते तीनशे भाड्यातच संपतात. गावाकडे पैसे पाठवणं हाच तुझा हेतू असेल, तर लंडनवाली मैत्रीण तुझ्यापेक्षा कमी पाठवेल. मी हे आजूबाजूला रोज बघते.

पगार खरा वाढतो तो रात्रपाळीने आणि रविवारने. शनिवारी आणि रात्री केलेल्या तासांना 30 टक्के जास्त, रविवारी आणि सरकारी सुट्टीला 60 टक्के जास्त. हा नियम सगळीकडे सारखा आहे. आपल्या पोरी पहिली दोन वर्षं मागून रात्रपाळ्या घेतात. पण चार आठवड्यांत साडेबारा तासांच्या तेरा ड्युट्या म्हणजे काय, ते शरीराला विचारून मग ठरव.

आणखी एक, स्कॉटलंड. तिथे पगाराची बोलणी वेगळी होतात. त्याच बँड 5 ची सुरुवात 2025-26 ला 33,247 पौंड होती, आणि एप्रिल 2024 मध्येच कामाचा आठवडा साडेसदतीसवरून 37 तासांवर आला. तिथला आयकर थोडा जास्त, तरी हातात जास्तच उरतं. एडिनबरा सोडलं तर भाडंही आवाक्यात. मला आज पुन्हा निवडायचं असतं तर ग्लासगोच्या आसपास कुठेतरी बघितलं असतं. उत्तर आयर्लंडमध्ये पगारवाढ बरेचदा उशिरा पोचते, त्यासाठी तिथल्या नर्सेसना संपावर जावं लागलं होतं. वेल्स जवळपास इंग्लंडसारखंच.

एजंट आणखी एक गोष्ट गाळतो. तू उतरल्या दिवशी बँड 5 वर नसतेस. ‘ऑस्की’ नावाची प्रात्यक्षिक परीक्षा पास होऊन एनएमसीचा, म्हणजे इथल्या नर्सिंग कौन्सिलचा, पिन (नोंदणी क्रमांक) मिळेपर्यंत बँड 3 किंवा 4 चा पगार मिळतो. बँड 4 म्हणजे 2025-26 ला 27,485 पौंडांपासून. हे काही महिने सगळ्यात तंगीचे असतात. खोलीचं डिपॉझिट, थंडीचे कपडे, सगळं तेव्हाच येतं. त्यासाठी हातात थोडी रक्कम ठेवूनच विमानात बसायचं.

आता सहा लाखांचं. एनएमसीकडे अर्ज तपासायला 140 पौंड, संगणकावरची परीक्षा 83, ऑस्की 794, रजिस्ट्रेशन 153. बेरीज 1,170 पौंड, म्हणजे एक लाख पस्तीस हजारांच्या आसपास. त्यातली ऑस्कीची पहिली फी बरेच दवाखाने स्वतः भरतात, विमानाचं तिकीटही देतात. इंग्रजीच्या परीक्षेची फी वेगळी. मग उरलेले पैसे कशाचे? ब्रिटनच्या भरतीच्या आचारसंहितेप्रमाणे उमेदवाराकडून नोकरी लावून देण्याचे पैसे घेताच येत नाहीत. आपल्या देशाच्या नियमानेही नोंदणीकृत एजंटला तीस हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. भारत सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर त्याचा परवाना तपास. नाव सापडलं नाही तर त्याच्याशी बोलणंच थांबव. मूळ मार्कशीट कुणाच्याही हातात देऊ नको, झेरॉक्स दे.

आणि ‘आधी केअर असिस्टंट म्हणून जा, तिथे गेल्यावर नर्स हो’ असं कुणी म्हणालं तर बाबांना स्पष्ट सांग की 22 जुलै 2025 पासून परदेशातून केअर वर्करची नवीन भरती ब्रिटनने बंद केली आहे. ज्यांनी त्या वाटेसाठी जमीन घातली, त्यांचे हाल मी पाहिलेत. म्हणूनच एवढ्या जोराने लिहिते आहे.

सगळ्यात कठीण गोष्ट आता सांगते. तीन-चार वर्षांपूर्वी इथले दवाखाने भारतात येऊन मुलाखती घ्यायचे. ते दिवस सध्या नाहीत. बाहेरून येणाऱ्या नर्सेसची संख्या 2024 नंतर बरीच घटली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये सरकारने इथूनच शिकून निघालेल्या नर्सेसना नोकरीची हमी जाहीर केली. जागा निघतात, पण आयसीयू, ओटी, डायलिसिसचा अनुभव असेल त्यांना आधी बोलावतात. जनरल वॉर्डच्या एका वर्षावर बोलावणं येणं अवघड आहे. व्याज मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू होईल, आणि पऱ्हाटीच्या भरवशावर ते फिटत नाही, हे तुझ्या घरात तुझ्यापेक्षा बाबांना जास्त ठाऊक आहे.

म्हणून मी तुझ्या जागी असते तर पुढची दोन वर्षं अशी घातली असती. बारा हजारांची नोकरी सोडून नागपूर किंवा सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात आयसीयूत लागायचं, पगार थोडाच वाढला तरी चालेल. सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने नेमलेल्या समितीने 2016 मध्येच सांगितलंय की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी दवाखान्यातही नर्सला वीस हजारांच्या खाली पगार नसावा. तालुक्याच्या ठिकाणी हे कुणी पाळत नाही, तो राग मलाही आहे, पण तुझ्या मेहनतीची किंमत बारा हजार नाही हे मनात पक्कं ठेव. सोबत नॉरसेटचा, म्हणजे एम्सच्या नर्सिंग भरती परीक्षेचा, अभ्यास कर. नागपूर एम्सला नर्सिंग ऑफिसरचा मूळ पगार 44,900, त्यावर भत्ते. राज्य शासनाच्या अधिपरिचारिकेचा 35,400 पासून. मूळ पगार नागपूरला असो की गडचिरोलीला, सारखाच. यातली नोकरी लागली तर परदेशाचा हिशेब नव्याने मांडावा लागेल, आणि कदाचित तुला जावंसंच वाटणार नाही. तसं झालं तरी मला आनंदच आहे.

इंग्रजीची परीक्षा मात्र आत्तापासून धर. ओईटी ही आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा, तिच्यात वाचन, ऐकणं, बोलणं तिन्हीत ‘बी’ लागतो, लिखाणात ‘सी प्लस’ चालतो. आपल्या पोरी लिखाणातच अडकतात, तेव्हा रोज एक रेफरल लेटर लिहून काढ. नाशिकच्या विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं व्हेरिफिकेशन यांना वेळ लागतो, अर्ज लवकर टाक.

ऑफर लेटर आलं की सही करण्याआधी मला पाठव. त्यात बँड कोणता, पिन येईपर्यंत किती पगार, आणि मुदतीआधी नोकरी सोडली तर किती पैसे परत मागतील, या तीन ओळी मी बघून देईन.