अमेरिकेत कंपाउंड धनुष्याने हरणाच्या शिकारीची पहिलीच वेळ आहे. कोणता ॲरो रेस्ट (बाण टेकवायचा आधार) घ्यावा आणि कसा बसवावा?

पहिल्या हंगामाला व्हिस्कर बिस्किट (ब्रशसारख्या केसांचं गोल कडं असलेला रेस्ट) घ्या, ड्रॉप-अवे नंतर बघता येईल. बिस्किटात बाण चहूबाजूंनी केसांत धरलेला असतो. मचाणावर थंडीने हात थरथरले, धनुष्य तिरकं झालं, तरी तो घसरून खडखडत नाही, आणि बिघडायला त्यात हलता भागच नाही. ड्रॉप-अवे रेस्ट बाण सुटतासुटता खाली पडतो म्हणून पिसांना घासत नाही, अचूकता थोडी जास्त. पण केबलवरची त्याची दोरी जराशी सरकली की टायमिंग बोंबललं.

बसवताना बाण रेस्ट जोडायच्या भोकाच्या मध्यावरून जाऊ द्या, धनुष्याच्या दोरीशी काटकोनात. राइझरपासून (धनुष्याचा मधला, मुठीचा भाग) बाणाच्या मध्यापर्यंतचं अंतर बहुतेक धनुष्यांवर १३/१६ इंचाच्या आसपास असतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. मग साधारण ६ फुटांवरून ताणलेल्या कागदातून बाण मारा. कागदावर पिसांनी पाडलेली चीर टोकाच्या भोकाच्या वर दिसली तर रेस्ट किंचित वर घ्या, खाली दिसली तर खाली. एका वेळी केसभरच. पिसं कुठे घासतायत अशी शंका आली तर त्यांच्या कडांना लिपस्टिक लावून एक बाण सोडा, डाग जागा दाखवतो. (ही युक्ती ड्रॉप-अवेसाठी, बिस्किटात पिसं घासणारच.)

मात्र बाणाला खऱ्या पक्ष्याची पिसं असतील तर बिस्किट नको, ती लवकर चुरगळतात. प्लॅस्टिकची व्हेन (पिसांऐवजी लावायची पाती) लावा.