काटा चांगलाच घ्या, पण ती पॉलिसी?

डॅलसच्या एका वाचकाचा प्रश्न: ग्रीनकार्ड झाल्यावर रेंजवर नेमबाजी सुरू केली, आता ९ एमएमची काडतुसं घरीच भरतो. त्यातली बंदुकीची दारू मोजायला २५ डॉलरचा डिजिटल काटा चालेल, की १२५चा घेऊ? पुढे ओघात लिहिलंय, "मंडळाच्या पिकनिकला ओळख झालेल्या एकांकडून आययूएल घेतली आहे, महिना ६०० डॉलर. त्यामुळे ४०१(के) सुरू केलेलं नाही." (आययूएल म्हणजे शेअर निर्देशांकाशी जोडलेला आयुर्विमा, ४०१(के) म्हणजे नोकरीतून पगारातून होणारी निवृत्तीची बचत.)

१२५चाच घ्या. तुमच्या एका काडतुसात दारू जेमतेम चार-पाच ग्रेन. स्वस्त काट्याची पायरी बहुधा ०.०१ ग्रॅमची, म्हणजे साधारण ०.१५ ग्रेन, पाच ग्रेनवर तीन टक्के. त्यात कण कण सोडत गेलात की आकडा थबकतो आणि मग एकदम उडी मारतो. पंख्याचा वारा, उतरलेली बॅटरी, यांनीही तो भरकटतो. तपासणीची वजनं घ्या आणि दर वेळी आधी ती ठेवून बघा. एकाच पुंगळीत दोनदा दारू पडली, तर ते मात्र कुठलाच काटा सांगणार नाही. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेड पाडून बघा. बोटांचा आणि डोळ्यांचा मामला आहे.

तुमच्याच हिशेबाने फैरीमागे १० सेंट वाचतात. महिन्याला ३०० फैरी धरल्या तर वर्षाचे ३६०. ९०० डॉलरचं सामान वसूल व्हायला अडीच वर्षं. छंद म्हणून जरूर करा, बचतीच्या रकान्यात लिहू नका.

मला झोप लागू देत नाही ती पॉलिसी. २८ महिन्यांत १६,८०० भरलेत, आज मोडली तर हातात ४,९००. सात टक्के करमुक्त परतावा, असं कोष्टक तुम्हाला दाखवलं. निर्देशांकाच्या वाढीला वरून मर्यादा असते, लाभांश धरत नाहीत, हे कुणी सांगितलं का? "शून्याखाली जात नाही" म्हणतात, पण विम्याचा खर्च त्या वर्षीही कापला जातो आणि वयाबरोबर वाढत जातो. इकडे १ लाख १० हजार पगारावर तुम्ही ४०१(के)त टाकाल त्यावर तुमची कंपनी, पगाराच्या सहा टक्क्यांपर्यंत, निम्मी भर घालायला तयार आहे. वर्षाला ३,३०० डॉलर तुम्ही सोडून देताय. टाकल्या दिवशी ५० टक्के देणारी पॉलिसी कुठल्याच एजंटाकडे नाही.

सहा टक्के म्हणजे महिना ५५०. तुम्ही दोघंही कमावता, त्यावरचा २२ टक्क्यांचा कर आत्ता वाचतो असं धरलं तर हातातले कमी होतील साधारण ४३०. तुमच्या वयाला, सिगारेट नसेल तर, दहा लाख डॉलरची वीस वर्षांची टर्म, म्हणजे बचत नसलेला निव्वळ विमा, महिना पन्नास-साठ डॉलरमध्ये मिळायला हवी. ६००तून हे दोन्ही भागून शंभराच्या वर उरतात. काट्याचा फरक पहिल्याच महिन्यात निघाला.

टर्म मंजूर होऊन कागद हातात येईपर्यंत आययूएल मोडू नका. दोन लहान मुलं आहेत. तोवर विमा कंपनीकडून चार टक्के परतावा धरून या पॉलिसीचं नवं कोष्टक लेखी मागवा, आणि आल्यावर मला पाठवा. ४०१(के)चा फॉर्म मात्र याच आठवड्यात भरा.