अॅडमध्ये सामाजिक मेसेज घातला की खप वाढतो का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार ताई. आमची शाम्पू आणि साबणाची मध्यम आकाराची कंपनी आहे. एजन्सीने पर्यावरणावर एक मोठी अॅड सुचवली आहे, नदी, झाडं, लहान मुलं आणि शेवटी आमचा लोगो. माझे पार्टनर म्हणतात आजकालची मुलं असं बघूनच माल घेतात. मला मात्र धाकधूक वाटते कारण बजेट एकच आहे, ते इकडे घातलं तर प्रॉडक्टची नेहमीची जाहिरात बंद ठेवावी लागेल. खरंच खप वाढतो का अशाने?

उत्तर : वाढतो, पण तुम्ही वर्णन केलीत तसल्या अॅडने वाढेल असं मला वाटत नाही, आणि का ते सविस्तर सांगते.

पार्टनर म्हणतात ते अर्धं खरं आहे. सर्व्हेमध्ये लोक भरभरून हो म्हणतात. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये 2019 साली आलेल्या एका लेखात एका सर्व्हेचा दाखला होता, त्यात 65 टक्के लोक म्हणाले की आम्हाला सामाजिक बांधिलकी जपणाऱ्या ब्रँडचा माल घ्यायचाय, प्रत्यक्षात घेणारे निघाले 26 टक्क्यांच्या आसपास. प्रश्न विचारल्यावर माणूस चांगलंच उत्तर देतो, पण दुकानात उभं राहिल्यावर किंमत, सवय, वास, घरच्यांची आवड हे सगळं मधे येतं. तेव्हा "लोकांना आवडेल" आणि "लोक घेतील" हे दोन वेगळे हिशोब धरा.

आता यशस्वी झालेली अॅड बघा. एरियलचं भारतातलं शेअर द लोड कॅम्पेन 2015 ला सुरू झालं, कपडे धुणं हे फक्त बाईचंच काम आहे का एवढा साधा प्रश्न होता. पुढच्या वर्षीच्या फिल्ममध्ये एक वडील लेकीच्या घरी आलेत, ती ऑफिसमधून येते ती थेट कामालाच लागते, फोनवर ऑफिसचं बोलणं चालू, एकीकडे स्वयंपाक, मुलाचं आवरणं, कपडे मशीनला लावणं, आणि नवरा टीव्हीसमोर. वडील तिला पत्र लिहून माफी मागतात की मी कधी तुझ्या आईला घरकामात मदत केली नाही म्हणून तुला हेच नॉर्मल वाटलं, आणि स्वतःच्या घरी परतल्यावर आपले कपडे आपण मशीनमध्ये टाकतात. यात डिटर्जंट काढून टाका बरं, गोष्टच उरत नाही. प्रॉब्लेम कपड्यांच्या ढिगाऱ्यातच आहे आणि प्रॉडक्टही तिथेच आहे. बघणाऱ्याला मेसेज आठवला की ब्रँड आपोआप आठवतो.

याच्या अगदी उलट पेप्सीची एप्रिल 2017 ची अॅड. रस्त्यावर मोर्चा चाललाय, मॉडेल केंडल जेनर फोटोशूट सोडून त्यात येते, पोलिसाच्या हातात पेप्सीचा कॅन देते आणि सगळे जल्लोष करतात. मोर्चा कशासाठी तेच कळत नाही. ज्या लोकांनी खऱ्या मोर्चात मार खाल्लेला त्यांना हे बघून काय वाटलं असेल याचा विचारच कोणी केला नव्हता, आणि एका दिवसात कंपनीला अॅड मागे घेऊन माफी मागावी लागली. तुमची नदी आणि झाडंवाली अॅड मला याच्याच जवळची वाटते, कारण लोगो बदलला तर ती बँकेचीही होऊ शकते आणि सिमेंट कंपनीचीही.

तुमच्या धंद्यात पर्यावरणाचा मुद्दा कुठे आहे ते आधी शोधा ना. प्लास्टिकच्या बाटलीत आहे, सॅशेच्या कचऱ्यात आहे, फेस धुवायला लागणाऱ्या पाण्यात आहे. पॅटागोनिया या अमेरिकन कपड्यांच्या कंपनीने 2011 च्या ब्लॅक फ्रायडेला, म्हणजे तिकडच्या मोठ्या सेलच्या दिवशी, न्यूयॉर्क टाइम्समध्ये स्वतःच्याच जॅकेटचा फोटो छापून वर लिहिलं "हे जॅकेट घेऊ नका", खाली दिलं की हे एक जॅकेट बनवायला 135 लिटर पाणी लागतं. जोडीला जुने कपडे दुरुस्त करून देण्याची सोय होती आणि विक्रीतला एक टक्का पर्यावरणाच्या कामाला द्यायची पद्धत तर 1985 पासूनची. पुढच्या वर्षी त्यांची विक्री साधारण 30 टक्क्यांनी वाढली. सगळं श्रेय त्या एका पानाला देता येणार नाही, पण लोकांनी विश्वास ठेवला तो आधीच्या पंचवीस वर्षांमुळे ठेवला. डव्हलाही 2004 पासूनच्या रिअल ब्युटी कॅम्पेनने मोठं केलं, तरी त्याच युनिलिव्हरकडे तेव्हा फेअर अँड लव्हली होतं आणि हा प्रश्न त्यांना वर्षानुवर्षं विचारला गेला, ते नाव बदललं 2020 मध्ये. म्हणून आधी रिफिल पॅक काढा, बाटली परत घ्यायची सोय करा, मग त्याची अॅड करा. बजेट फार लागत नाही आणि प्रॉडक्टची जाहिरातही बंद पडत नाही, कारण तीच प्रॉडक्टची जाहिरात असते.

प्रश्न : मी मार्केटिंग शिकते. नाईकी आणि बड लाइट ही अमेरिकन बिअर, दोघांवरही बॉयकॉट झाला, मग एकाचा खप वाढला आणि दुसरा बुडाला असं का? आणि जिलेटने त्या पुरुषांवरच्या अॅडमुळे 8 अब्ज डॉलर घालवले हे खरं का?

उत्तर : खूप चांगला प्रश्न आहे. नाईकीने सप्टेंबर 2018 मध्ये अॅडमध्ये कॉलिन केपर्निकला घेतलं, 2016 मध्ये वर्णभेदाच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसलेला अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू. लोकांनी बूट जाळले, शेअर एका दिवसात 3 टक्क्यांच्या आसपास पडला, पण त्या वीकेंडला ऑनलाइन विक्री 31 टक्के वाढल्याचं एडिसन ट्रेंड्स या डेटा कंपनीने सांगितलं (आदल्या वर्षी याच दिवसांत ही वाढ 17 टक्के होती) आणि शेअरही काही दिवसांतच वर गेला. कारण नाईकीचं मुख्य गिऱ्हाईक तरुण, शहरी, त्यात कृष्णवर्णीय ग्राहकांचा मोठा वाटा, म्हणजे बूट जाळणारे वेगळे आणि दर सहा महिन्यांनी बूट घेणारे वेगळे.

बड लाइटचं गिऱ्हाईक मुळात सगळ्या विचारांचं होतं. एप्रिल 2023 मध्ये ट्रान्स इन्फ्लुएन्सर डिलन मुल्वेनीचा एक इन्स्टाग्राम व्हिडिओ आला, बॉयकॉट सुरू झाला, आणि तेव्हा कंपनीने धड तिची बाजू घेतली नाही की धड माघारही घेतली नाही, फक्त "लोकांमध्ये फूट पाडायचा आमचा हेतू नव्हता" अशा छापाचं निवेदन दिलं, त्यामुळे विरोधक शांत झाले नाहीत आणि पाठिंबा देणारे पण दुखावले. एका माणसाला एवढ्या शिव्या पडत असताना जिने तिला बोलावलं त्या कंपनीने गप्प बसणं मला माणूस म्हणूनही पटत नाही. पण विक्रीच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं काय तर बिअर बदलणं फार सोपं असतं, त्याच फ्रीजमध्ये त्याच भावात दुसरी असते, चवीतही फार फरक नसतो, आणि बारमध्ये हातात काय आहे ते चारचौघांना दिसतं. दोन दशकांहून जास्त काळ अमेरिकेत एक नंबरला असलेला ब्रँड मोडेलोच्या मागे गेला आणि त्या तिमाहीत कंपनीचा अमेरिकेतला महसूल 10.5 टक्क्यांनी घटला. तेव्हा बॉयकॉट टिकेल का याचा अंदाज घेताना आधी हेच बघ की ग्राहकाला दुसरीकडे जायला काय त्रास पडतो.

जिलेटचं म्हणशील तर तारखा जुळतात म्हणून लोकांनी गोष्ट जोडली. पुरुषांनी दादागिरी आणि छेडछाड सोडावी असं सांगणारी ती अॅड आली जानेवारी 2019 ला, जिलेटची मालक कंपनी पी अँड जीने 8 अब्ज डॉलरचं राइट-डाउन दाखवलं जुलैमध्ये. पण ती रोख बुडालेली नव्हती, 2005 मध्ये मोठ्या किमतीला घेतलेल्या ब्रँडचं पुस्तकी मूल्य कमी केलं होतं, आणि कारणं होती चलनांची घसरण, पुरुषांनी दाढी कमी वेळा करणं, आणि स्वस्त नवे स्पर्धक. कंपनीचं म्हणणं होतं की अॅडनंतरची विक्री आधीच्याच पातळीवर होती. म्हणजे शिव्या मिळाल्या म्हणून खप पडला नाही, आणि टाळ्या मिळाल्या म्हणून वाढलाही नाही.

प्रश्न : अॅड व्हायरल झाली पण सेल्सवाले म्हणतात फरक नाही. कोणाचं खरं मानायचं?

उत्तर : सेल्सवाल्यांचं. व्ह्यूज आणि शेअर हे एजन्सीच्या प्रेझेंटेशनसाठी ठीक आहेत. पुढच्या वेळी अॅड सगळीकडे एकदम सोडू नका, सारख्या खपाची दोन शहरं घ्या, एकात दाखवा, दुसऱ्यात नको, आणि त्या काळात दोन्हीकडे डिस्काउंट सारखाच ठेवा, नाहीतर स्कीममुळे वाढलेला खप अॅडच्या नावावर जातो. आणि निदान तीन-चार महिने बघा. अमेरिकेत 2020 मध्ये गोया या खाद्यपदार्थांच्या ब्रँडवर राजकीय वादातून बॉयकॉट झाला तेव्हा समर्थकांच्या खरेदीने विक्री उलट 22 टक्के वाढली होती आणि तीन आठवड्यांत ती वाढ पूर्ण ओसरली, असं संशोधकांना घरगुती खरेदीच्या डेटात दिसलं. पहिल्या आठवड्याच्या आकड्यावर कोणी बोनस वाटायला लागलं तर थांबवा, नवीन आलेल्या ग्राहकाने दुसरा पॅक घेतला का ते विचारा.