१९६७ च्या एमजीबीला लाल रंग ठेवावा की मूळचा हिरवा? आणि शेड नेमकी कशी जुळवावी?

तुमची एमजीबी, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार, आत्ता लाल आहे, दाराच्या आतलं पॅनेल काढल्यावर मागे गडद हिरवा दिसला, आणि आता पूर्ण गाडी नव्याने रंगवायचीय, तर कोणता रंग द्यावा, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: हिरवा. लाल एमजीबी पैशाला पासरी आहेत. शिवाय तुमच्या गाडीत डॅशबोर्डखाली, दारांच्या आत, कानाकोपऱ्यांत अजून हिरवाच असणार. बाहेरून लाल ठेवलीत, तर दर वेळी काही उघडलं की तो डोकावणार.

पण तो हिरवा कारखान्यातलाच आहे ना, हे आधी पक्कं करा. मधल्या एखाद्या मालकानेही मारलेला असू शकतो. इंग्लंडमधल्या गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे एमजीच्या उत्पादनाच्या नोंदी आहेत. चासी नंबर कळवून फी भरली की ते हेरिटेज सर्टिफिकेट देतात, आणि त्यात मूळ रंग लिहिलेला असतो.

त्यावर ‘ब्रिटिश रेसिंग ग्रीन’ आलं, तरी काम संपलं असं समजू नका. ही एक ठरावीक शेड नाही. १९०३ ची गॉर्डन बेनेट शर्यत आयर्लंडमध्ये झाली, तेव्हा ब्रिटिश गाड्या हिरव्या रंगात उतरल्या. तिथून हिरवा हा ब्रिटनचा शर्यतीचा रंग झाला, पण नेमका कोणता हिरवा हे कुणी बांधून दिलं नाही. खुद्द एमजीबीवर या एकाच नावाखाली जीएन २५ आणि जीएन २९ असे रंगाचे दोन कोड येऊन गेले. तेव्हा दुकानात जाऊन नुसतं नाव सांगू नका, काय हाती पडेल याचा नेम नाही.

नमुना गाडीतूनच काढा. ऊन न लागलेली जागा शोधा: दाराच्या पॅनेलमागची, डॅशखालची, डिकीच्या आतली. तिथला रंग पन्नास वर्षांत मेलेला, दुधाळ झालेला असतो. आधी हलक्या हाताने रबिंग कंपाउंड (रंगाचा वरचा थर घासून काढणारी पेस्ट) मारा आणि खालचा ताजा रंग वर आला की मगच तुलना करा. बाहेरच्या एखाद्या पॅनेलवर रुपयाएवढी जागा बारीक वॉटर पेपरने पाणी लावून, कडेकडे उतार देत घासा. लाल, मग प्रायमर, मग कदाचित आणखी एखादा रंग, मग हिरवा आणि शेवटी कारखान्याचा प्रायमर, अशी झाडाच्या खोडासारखी वलयं उमटतात. गाडीवर किती वेळा रंगाची स्प्रे गन फिरली ते तिथेच मोजता येतं.

आता जुळवणी. चांगल्या रंगवाल्याकडे स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंग मोजून त्याचा फॉर्म्युला देणारं यंत्र, असतो, पण त्याने दिलेला फॉर्म्युला हा सुरुवातीचा अंदाज समजा. त्या काळात शिशाची रंगद्रव्यं सर्रास वापरली जायची, आज ती बहुतेक ठिकाणी बंद आहेत. म्हणजे तोच हिरवा आता वेगळ्या द्रव्यांतून जुळवावा लागतो. अशा दोन शेड ट्यूबलाइटखाली हुबेहूब जुळतात आणि उन्हात नेल्या की फटकून वागतात. म्हणून दुकानातल्या उजेडात कधीही ‘हो’ म्हणू नका. सकाळचं ऊन, ढगाळ दुपार, सावली, सगळीकडे नमुना धरून बघा.

शेड कार्डावरच्या चौकोनावर तर अजिबात भरवसा ठेवू नका. गडद हिरवा छोट्या तुकड्यावर जवळजवळ काळा वाटतो, मोठ्या वळणदार पृष्ठभागावर तोच उजळ दिसतो. एखादा टाकाऊ मडगार्ड मिळवा, त्यावर गाडीला वापरणार तोच प्रायमर, तेवढेच कोट मारा आणि पूर्ण वाळू द्या. गनमधून आलेला ओला रंग आणि वाळलेला रंग यांतही फरक पडतो. मेटॅलिक असता तर याहून डोकेदुखी होती, कारण गनचा दाब बदलला तरी चमकीचे कण वेगळे बसतात. तुमचा रंग साधा आहे, सुटलात.

फिनिशबद्दल माझा थोडा हट्ट आहे. बेसकोटवर, म्हणजे रंगाच्या थरावर, क्लिअर (पारदर्शक लॅकर) मारला की गाडी काचेत बुडवल्यासारखी दिसते, आणि साठच्या दशकातल्या गाडीला ते शोभत नाही. सिंगल स्टेज टू-के घ्या, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, वर क्लिअर न लागणारा रंग, नंतर घासून पॉलिश करा. चकाकी जरा मऊ येते, टिकतेही. मात्र टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासातून घातक ठरणारं रसायन असतं, त्यामुळे हे काम बाहेरून हवा पुरवणारा मास्क असलेल्या पेंटरकडेच द्या.

बोनेटला चुंबक लावून बघा. त्या वर्षांत एमजीबीचं बोनेट ॲल्युमिनियमचं असायचं. चुंबक चिकटलं नाही तर तिथे आधी ॲल्युमिनियमला चालणारा एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट पकडणारा प्रायमर, हवा, नाहीतर रंग पापुद्र्यांनी सुटतो. आणि गडद रंगावर पुट्टीची प्रत्येक लाट दिसते. पत्र्याचं काम झाल्यावर पॅनेल ओलं करून तिरक्या उजेडात, नजर पत्र्याच्या पातळीला आणून बघा. ते मनासारखं दिसेपर्यंत रंगाचा डबा उघडू देऊ नका.

सगळा रंग एकाच वेळी कालवून घ्या, बॅच बदलली की शेड हलते. उरलेला हवाबंद डब्यात ठेवा आणि झाकणावर अंतिम फॉर्म्युला लिहून ठेवा.